न दिसणाऱ्या गुणाची खरेदी : स्टेनलेस कॉइलच्या व्यापाराचा इतिहास

स्टेनलेस पोलादाची कॉइल म्हणजे लांबच लांब पत्र्याचे घट्ट गुंडाळलेले वेटोळे. २ मिलिमीटर जाडीची, १२५० मिलिमीटर रुंदीची १० टनांची कॉइल उलगडली, तर सुमारे ५०० मीटर पत्रा निघतो. दूध साठवायच्या टाक्या, औषध कारखान्यांतील रिॲक्टर, साखर कारखान्यांतील नळ्या, रेल्वेचे डबे आणि हॉटेलांची स्वयंपाकघरे या सर्वांसाठी लागणारा पत्रा अशाच कॉइलमधून कापला जातो. त्याची जाडी मायक्रोमीटरने मोजता येते, वजन काट्यावर कळते आणि पृष्ठभाग नजरेने पारखता येतो. ज्या गुणासाठी साध्या लोखंडी पत्र्याच्या कितीतरी पट दाम मोजला जातो, तो गंजरोधकपणा मात्र खरेदीच्या वेळी दिसत नाही. क्रोमियम, निकेल आणि कार्बन किती आहे यावर तो ठरतो, आणि एकाच चकाकीचे दोन पत्रे आम्लात किंवा खाऱ्या हवेत अगदी वेगळे वागू शकतात. त्यामुळे या मालाच्या व्यापाराचा इतिहास हा बऱ्याच अंशी पारखीच्या साधनांचा इतिहास आहे.

क्रोमियममुळे लोखंड आम्लाला दाद देत नाही, हे फ्रेंच संशोधक पिएर बेर्तिए यांनी १८२१ मध्येच नोंदवले होते. पण कार्बन पुरेसा कमी ठेवण्याची युक्ती हाती नसल्याने तयार होणारे पोलाद ठिसूळ निघे. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात दोन ठिकाणी यश आले. जर्मनीत एसेन येथील क्रुप कारखान्यात बेनो श्ट्राउस आणि एडुआर्ड माउरर यांनी क्रोमियम-निकेलयुक्त पोलाद विकसित केले. त्याचे पेटंट १९१२ चे. इंग्लंडमध्ये शेफील्डला हॅरी ब्रेअर्ली बंदुकीच्या नळ्यांची झीज कमी करण्याच्या प्रयत्नात होते. १३ ऑगस्ट १९१३ रोजी त्यांनी सुमारे १२.८ टक्के क्रोमियमचे पोलाद वितळवले. सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यासाठी नमुन्यावर आम्ल लावले, तर ते चढेना. शेफील्डच्या चाकू-सुऱ्या करणाऱ्या अर्नेस्ट स्टुअर्ट यांनी या पोलादाची परीक्षा व्हिनेगरने घेतली आणि ‘स्टेनलेस’ हे नाव रूढ केले. गिऱ्हाइकाने या धातूची घेतलेली ही बहुधा पहिली कसोटी होय. १९२४ मध्ये शेफील्डच्याच डब्ल्यू. एच. हॅटफील्ड यांनी १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल हे प्रमाण बसवले. पुढे जगभर ‘१८/८’ म्हणून ओळखल्या गेलेल्या आणि आज ३०४ या क्रमांकाने विकल्या जाणाऱ्या प्रकाराचा पाया तो हाच.

स्टेनलेसला तारणारा थर हवेतील प्राणवायूच्या संयोगाने पृष्ठभागावर आपोआप बनतो. क्रोमियम सुमारे १०.५ टक्क्यांच्या वर गेले, की त्याच्या ऑक्साइडचा अतिशय पातळ पडदा तयार होतो आणि ओरखडा पडला तरी पुन्हा भरून येतो. निकेलमुळे पोलाद लवचिक राहते. खोल भांडे ओढून काढता येते आणि जोडकाम सोपे जाते. २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम घातलेला ३१६ हा प्रकार क्लोराइडमुळे पडणाऱ्या बारीक छिद्रांना अधिक तोंड देतो. म्हणूनच समुद्रकाठी आणि रासायनिक कारखान्यांत त्याला मागणी असते.

सुरुवातीचा माल सुट्या पत्र्यांच्या रूपात येई. तो लांब पट्टीत आणण्यासाठी दोन शोध लागले. पहिला, तप्त पोलाद एकामागून एक उभ्या केलेल्या रुळांतून सलग लाटण्याचा. जॉन टायटस यांनी अमेरिकेत केंटकीमधील ॲशलँड येथे १९२०च्या दशकाच्या पूर्वार्धात तो सिद्ध केला. दुसरा खास स्टेनलेसच्या कामाचा ठरला. निकेलयुक्त स्टेनलेस थंड अवस्थेत लाटताना झपाट्याने कडक होते आणि जाड रुळांना जुमानत नाही. बारीक रूळ लावावेत, तर ते दाबाखाली वाकतात. पोलिश अभियंता टाडेउश सेंजिमिर यांनी पत्रा लाटणाऱ्या बारीक रुळांच्या मागे मोठ्या रुळांची रास लावून हा पेच सोडवला. त्यांच्या वीस रुळांच्या यंत्राला कारखान्यांत ‘झेड मिल’ म्हणतात. पातळ, एकसारख्या जाडीची आणि गुळगुळीत स्टेनलेस पट्टी त्यामुळे मोठ्या प्रमाणावर मिळू लागली.

पत्र्याच्या पृष्ठभागावर अखेरचा हात कसा फिरवला आहे, यालाही बाजारात नावे मिळाली. गरम लाटून, भट्टीत तापवून, आम्लात धुतलेला मळकट पांढरा पत्रा तो ‘नंबर १’. थंड लाटल्यावर तापवून, धुऊन, शेवटी चकचकीत रुळांतून हलका दाब दिलेला तो ‘२बी’. टाक्या आणि यंत्रे बनवणारे बहुधा हाच मागतात. हायड्रोजनच्या वातावरणात तापवलेला आरशासारखा पत्रा ‘बीए’, तर पट्ट्याने घासून रेघा उमटवलेला ‘नंबर ४’.

जोडकाम करणाऱ्यांना मात्र लवकरच एक दोष जाचू लागला. वेल्डिंगच्या शेजारी ४५० ते ८५० अंश सेल्सियस तापमानात राहिलेल्या भागात कार्बन क्रोमियमशी संयोग पावे, कणांच्या सीमांवरचे क्रोमियम घटे आणि नेमक्या त्याच रेषेत टाकी कुजे. टायटॅनियम किंवा नायोबियम घालून कार्बन बांधून ठेवणे हा एक उपाय होता. कार्बन ०.०३ टक्क्यांखाली आणणे हा दुसरा, आणि ३०४एल, ३१६एल ही नावे त्यातूनच आली. कार्बन जाळताना महागडे क्रोमियमही जळत असल्याने हा उपाय खर्चिक होता. वितळलेल्या रसात प्राणवायूबरोबर आर्गॉन सोडून क्रोमियम वाचवायची एओडी ही पद्धत अमेरिकेत युनियन कार्बाइडने विकसित केली आणि १९६८ मध्ये ती पहिल्यांदा व्यापारी तत्त्वावर चालू झाली. त्यानंतर कमी कार्बनचा माल इतका स्वस्त झाला, की आज एकाच कॉइलला ३०४ आणि ३०४एल अशी दुहेरी प्रमाणपत्रे मिळतात.

भारतात स्टेनलेस आयात माल म्हणूनच आले. स्वातंत्र्यानंतरच्या दशकांत परकीय चलन तुटपुंजे होते, त्यामुळे पत्रा आणायचा तर आयात परवाना लागे. परवाना ज्याच्या नावे असे आणि माल ज्याला हवा असे, ते अनेकदा वेगळे असत. या अंतरावर दलाल आणि साठेदार जगत. मुंबईत हा व्यापार गुलालवाडी, किका स्ट्रीट, खेतवाडी या जुन्या धातुबाजारात स्थिरावला. मागणी दोन तऱ्हांची होती. घरोघरी तांबे-पितळेची भांडी मागे पडून कल्हई न लागणारी स्टीलची भांडी येत होती. जुन्या कपड्यांच्या बदल्यात भांडी देणाऱ्या बोहारणींनी ती चाळींच्या दारापर्यंत नेली आणि भाईंदर हे ती बनवणाऱ्या कारखान्यांचे मोठे केंद्र झाले. दुसरीकडे दुग्धशाळा, साखर कारखाने, औषध उद्योग आणि तुर्भे येथील अणुकार्यक्रम यांना टिकाऊ पत्रा हवा होता. १९६४ मध्ये सुरू झालेल्या तुर्भेच्या इंधन पुनर्प्रक्रिया संयंत्रात नायट्रिक आम्लात विरघळलेले किरणोत्सारी द्रव्य हाताळायचे असल्याने स्टेनलेसला पर्यायच नव्हता.

भांडी आणि टाक्या यांचा पत्रा एकाच गोदामातून जाई, पण दोघांची गरज सारखी नव्हती. ताटाला डाग पडला, तर ते घासता येते; आम्लाच्या टाकीला छिद्र पडले, तर कारखाना थांबतो. हा फरक पुढे कळीचा ठरला.

देशी उत्पादनाचा पाया तमिळनाडूत घातला गेला. सेलम पोलाद कारखान्याची कोनशिला १९७० मध्ये बसली आणि १९८१ मध्ये झेड मिलवर थंड लाटलेला पत्रा निघू लागला. आरंभीची वार्षिक क्षमता ३२,००० टन होती. कित्येक वर्षे हा कारखाना बाहेरून आणलेला गरम लाटलेला माल वापरत असे. स्वतःची गरम लाटणी १९९० च्या दशकात आली, तर पोलाद वितळवण्याची सोय २०१० मध्ये. खासगी क्षेत्रात ओ. पी. जिंदल यांच्या हिस्सारच्या उद्योगातून मोठे स्टेनलेस उत्पादन उभे राहिले आणि पुढे ओडिशातील जाजपूरपर्यंत पसरले. जाजपूर निवडण्यामागे भूगोल होता : देशातील क्रोमाइटचा बहुतांश साठा जवळच्या सुकिंदा खोऱ्यात आहे. निकेलच्या बाबतीत असा आधार नव्हता. ते आयातच करावे लागे.

निकेलच्या टंचाईवर अमेरिकेत आधीच उपाय शोधला गेला होता. कोरियन युद्धाच्या काळात निकेल दुर्मिळ झाल्यावर त्याच्या काही भागाऐवजी मँगनीज आणि नायट्रोजन घालणारे २०१, २०२ हे प्रकार १९५० च्या दशकात प्रमाणित झाले. २०२ मध्ये निकेल ४ ते ६ टक्के आणि मँगनीज ७.५ ते १० टक्के असते. भारताने हा मार्ग इतर देशांपेक्षा अधिक जोमाने चोखाळला आणि निकेल १ टक्क्याच्या आसपास असलेला ‘जे४’ हा प्रकार भांडी व सजावटीच्या कामात रुळला. योग्य जागी हा माल उपयोगी आहे. त्याचे गुण ३०४ च्या बरोबरीचे मात्र नाहीत. आम्ल, मीठ आणि दमट हवेत तो लवकर हार मानतो.

इथे बाजाराची जुनी पारख फसली. चुंबक लावून पाहणे ही गुलालवाडीतली सर्वांत सोपी कसोटी होती. ४३० आणि ४०९ या निकेलरहित प्रकारांना चुंबक चिकटते, ३०४ ला चिकटत नाही, म्हणून न चिकटणारा तो ‘चांगला माल’. १९८८ पासून निघालेली १०, २५ आणि ५० पैशांची स्टेनलेस नाणी चुंबकाला चिकटत, ती पहिल्या गटातली. पण २०१, २०२ यांच्या २०० मालिकेलाही चुंबक चिकटत नाही. उलट अस्सल ३०४ थंड अवस्थेत खूप ओढला, तर वाकलेल्या कडांशी तो किंचित चुंबकीय होतो. मग बाजारात द्रावणाचे थेंब आले : पत्र्यावर थेंब टाकून बॅटरीचा प्रवाह दिला, की रंगावरून मँगनीज किंवा मॉलिब्डेनमचा अंदाज येई. त्यानंतर वर्णपटमापक आले. हाती धरायचे क्ष-किरण यंत्र काही सेकंदांत क्रोमियम, निकेल, मँगनीज आणि मॉलिब्डेनमची टक्केवारी दाखवते.

बाजाराची जागाही याच काळात बदलली. मुंबईतील कर्नाक बंदर आणि दारूखान्याच्या गल्ल्यांत ट्रक शिरत नसत, म्हणून सिडकोने नवी मुंबईत कळंबोली येथे लोखंड-पोलाद बाजार वसवला. १९८९ मध्ये सुरू झालेले न्हावा-शेवा बंदर तिथून जवळ. मुंबईत जड माल हलवणाऱ्या माथाडींचे काम अण्णासाहेब पाटील यांच्या चळवळीतून झालेल्या १९६९ च्या माथाडी कायद्याखाली आले होते आणि लोखंड-पोलाद बाजारासाठी त्यांचे स्वतंत्र मंडळही होते. क्रेनने उचलायच्या कॉइलने हाताने उचलायच्या पत्र्यांची जागा घेतली, तसे हे श्रमही बदलले. कॉइल उलगडून सपाट करणारी, लांबीनुसार कापणारी आणि उभ्या पट्ट्या पाडणारी सेवा केंद्रे उभी राहिली. लहान कारखानदाराला अख्खी कॉइल घेण्याची गरज उरली नाही. मोठ्याला हव्या त्या लांबीचे तुकडे काढून नासाडी कमी करता येऊ लागली.

१९९१ नंतर परवाने गेले आणि आयात खुली होत गेली. आता स्टेनलेसचा दर निकेलच्या पाठोपाठ चालू लागला. लंडनच्या धातुबाजारात निकेल २००७ मध्ये टनाला ५०,००० डॉलरच्या पुढे गेले. ८ मार्च २०२२ रोजी ते काही काळ १,००,००० डॉलरवर पोहोचले आणि व्यवहार थांबवावे लागले. दर चढला, की कमी निकेलचा माल ३०४ म्हणून खपवण्याचा मोहही चढतो. चीन आणि नंतर इंडोनेशियातून स्वस्त माल येऊ लागल्यावर केंद्र सरकारने २०१६ मध्ये स्टेनलेस पोलादासाठी गुणवत्ता नियंत्रण आदेश काढला. औद्योगिक पत्र्याच्या आयएस ६९११, भांड्यांच्या पत्र्याच्या आयएस ५५२२ आणि कमी निकेलच्या मालाच्या आयएस १५९९७ या मानकांचा त्यात समावेश होता. मानक चिन्ह बंधनकारक झाले आणि भांड्यांचा व कारखान्यांचा माल कागदावर तरी वेगळा झाला.

आजची औद्योगिक खरेदी या साऱ्या टप्प्यांचे थर बाळगून आहे. मागणीपत्रात प्रकार, मानक, जाडी व तिची सूट, रुंदी, पृष्ठभाग, कड कापलेली की लाटणीतून निघाली तशीच, गुंडाळीचा आतील व्यास ५०८ की ६१० मिलिमीटर, इतके सारे लिहिले जाते. वजनाचा हिशेबही काटेकोर असतो. २ मिलिमीटर जाडीच्या, १२५० × २५०० मिलिमीटरच्या ३०४ च्या पत्र्याचे वजन हिशेबाने सुमारे ४९.६ किलो भरते. कारखान्याने सुटीच्या मर्यादेत जाडी कमी ठेवली आणि सौदा हिशेबी वजनावर झाला, तर तोटा घेणाऱ्याचा. म्हणून प्रत्यक्ष काट्यावरचे वजन आधी ठरवले जाते. कॉइलसोबत कारखान्याचे चाचणी प्रमाणपत्र येते. त्यावरचा हीट क्रमांक, म्हणजे पोलादाच्या त्या वितळणीचा क्रमांक, कॉइलच्या चिठ्ठीशी जुळवला जातो आणि पट्ट्या पाडल्यावर प्रत्येक तुकड्यावर पुन्हा लिहिला जातो. तो पुसला गेला, तर प्रमाणपत्राला अर्थ उरत नाही.

हातातल्या क्ष-किरण यंत्राला कार्बन दिसत नाही, त्यामुळे ३०४ आणि ३०४एल यांतला फरक त्यावर कळत नाही. जिथे वेल्डिंगवर टाकीचे आयुष्य अवलंबून असते, तिथे नमुना प्रयोगशाळेत ठिणगी-वर्णपटमापकावर तपासावा लागतो किंवा प्रमाणपत्रावर विश्वास ठेवावा लागतो. जाणते खरेदीदार दोन्ही करतात आणि तपासणीचा अहवाल हातात आल्याशिवाय कॉइल कापायला देत नाहीत.