खिडकी, हिवाळी वाऱ्याच्या तोंडच्या घरांतील (रायपूर)

खिडकी, हिवाळी वाऱ्याच्या तोंडच्या घरांतील : उघड्या मैदानात, तळ्याकाठी, वसाहतीच्या कडेला किंवा वरच्या मजल्यावर असलेल्या घरात थंडीच्या दिवसांत ऊब टिकावी, यासाठी खिडकीची दिशा, आकार, उघडण्याची पद्धत, चौकट आणि काच यांची केलेली निवड. ही नोंद छत्तीसगडची राजधानी रायपूर डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहे.

रायपूर सुमारे २१.२५° उत्तर अक्षांशावर, महानदीच्या खोऱ्यातील सपाट प्रदेशात, समुद्रसपाटीपासून जवळपास ३०० मी. उंचीवर वसले आहे. डिसेंबर-जानेवारीत पहाटेचे सरासरी तापमान १२-१३° से. च्या आसपास असते. दुपारी ते २७-२८° पर्यंत चढते. उत्तर छत्तीसगडातील अंबिकापूर किंवा मैनपाटसारखी कडाक्याची थंडी येथे नाही. मात्र थंडीतला वारा मुख्यतः उत्तर आणि ईशान्येकडून येतो, आणि त्याला अडवायला शहराच्या आसपास डोंगर नाहीत. पुरानी बस्ती, तात्यापारा, ब्राह्मणपारा या जुन्या वस्त्यांतील घरे एकमेकांच्या आडोशाला उभी असल्याने तेथे हा प्रश्न फारसा भेडसावत नाही. नवा रायपूरमधील रुंद रस्ते व मोकळी मैदाने, तेलीबांधा तलावाचा काठ आणि शहराच्या कडेच्या उंच इमारती येथे तो रोजचा होतो.

फटी : रायपुरात थंडी काचेतून जितकी येते त्याहून जास्त फटींतून येते. ताशी १८ किमी. वेगाचा वारा समोरच्या भिंतीवर सुमारे १५ पास्कल दाब टाकतो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. १.२ मी. × १.२ मी. च्या खिडकीला चहूबाजूंनी दोन मिलिमीटरची फट आहे आणि आतबाहेरच्या दाबात १० पास्कलचा फरक आहे असे धरले, तर तासाला सुमारे ८५ घनमीटर गार हवा आत शिरू शकते. ३० घनमीटरच्या खोलीतली जवळजवळ सगळी हवा तासात तीनदा बदलली, असा त्याचा अर्थ. आत २२° आणि बाहेर १२° असताना या हवेबरोबर जाणारी उष्णता २८० वॅटच्या आसपास भरते. त्याच खिडकीच्या एकेरी काचेतून जाणारी उष्णता ८५ वॅटपेक्षाही कमी असते. म्हणून दुकानात काचेची जाडी विचारण्याआधी झडप चौकटीला किती घट्ट बसते हे पाहावे.

बांधकामात सर्रास बसवली जाते ती ॲल्युमिनियमची सरकती खिडकी. दोन काचेच्या झडपा, एक जाळीची, तीन ट्रॅक. ती जागा वाचवते, पण सरकण्यासाठी झडप सैल ठेवावी लागते आणि फट बुजवायला केसाळ ब्रशपट्टीच तेवढी असते. ती पट्टी धुळीने दबली की वारा मोकळा. बिजागरीवर बाहेर उघडणारी झडप याउलट रबरी पट्टीवर दाबली जाते आणि समोरून येणारा वारा तिला चौकटीवर आणखी घट्ट बसवतो. उत्तर आणि ईशान्य बाजूला हीच खिडकी घ्यावी; कडी वर, खाली आणि मध्ये अशी अनेक ठिकाणी अडकणारी असावी आणि उघडी झडप आदळू नये म्हणून तिला धरून ठेवणारा टेकू असावा. डासांची जाळी व गज मग आतल्या बाजूस येतात.

उन्हाळ्यातही हीच निवड उपयोगी पडते. केंद्र सरकारच्या २०१८ च्या इको-निवास संहितेनुसार रायपूरसारख्या संमिश्र हवामानात घराच्या चटईक्षेत्राच्या किमान १२.५% इतका भाग उघडता येण्याजोगा हवा. १२ चौ.मी. च्या खोलीला हे प्रमाण लावले, तर दीड चौ.मी. होतात. दोन झडपांची सरकती खिडकी निम्मीच उघडते, म्हणून तेवढ्यासाठी जवळपास तीन चौ.मी. ची खिडकी बसवावी लागते. बिजागरीची जवळजवळ पूर्ण उघडते, त्यामुळे भोक लहान राहूनही काम भागते. थंडीसाठी लहान आणि उन्हाळ्यासाठी मोठी, हा पेच असा सुटतो.

चौकट आणि भिंत यांच्यामधली फट बहुतेक घरांत दुर्लक्षित राहते. तेथे नुसते सिमेंट भरले की ते आकसून भेग पडते. आत फोम आणि बाहेरून सिलिकॉन भरून घ्यावे.

दिशा आणि छज्जा : २१ डिसेंबरला दुपारी रायपुरात सूर्य दक्षिणेला क्षितिजापासून सुमारे ४५° वर असतो, २१ जूनला तो जवळजवळ डोक्यावर, किंचित उत्तरेला कलतो. दक्षिणेच्या १.२ मी. उंच खिडकीवर ६० सेंमी. छज्जा असेल, तर डिसेंबरच्या दुपारी खिडकीचा खालचा निम्मा भाग उन्हात राहतो आणि मार्चअखेरीस मध्यान्हीला ती पूर्ण सावलीत जाते. दक्षिणेची ही खिडकी फुकटची शेगडी आहे. तिच्यावर गडद किंवा आरशासारखी काच लावू नये, पडदा दिवसा बाजूला सारावा. पश्चिमेची खिडकी मात्र लहानच बरी, कारण मेच्या तिरप्या उन्हाला छज्जा अडवू शकत नाही.

चौकट आणि काच : ॲल्युमिनियम उष्णता झपाट्याने वाहून नेते, यूपीव्हीसी (कडक प्लास्टिक) आणि लाकूड तिला बऱ्याच अंशी अडवतात. यूपीव्हीसी घेताना आत पोलादी नळी घातलेली आणि उन्हाला टिकणारी चौकट घ्यावी. सागवानी किंवा बीजा (बिबळा) लाकडाच्या जुन्या खिडक्या पावसाळ्यात फुगतात व थंडीच्या कोरड्या हवेत आकसतात, म्हणून नेमक्या डिसेंबरात त्या वारा सोडू लागतात. त्या काढून टाकण्याची गरज नाही. चौकटीच्या खाचेत रबरी पट्टी बसवणारा चांगला सुतार मिळाला की त्या नव्या खिडकीच्या तोडीस तोड ठरतात.

आत २२° आणि बाहेर १२° असताना एकेरी काचेची आतली बाजू १४-१५° वर असते, दुहेरी काचेची १८° च्या वर. खिडकीलगत पलंग किंवा अभ्यासाचे टेबल असेल तर हा फरक अंगाला जाणवतो. तरीही केवळ रायपूरच्या थंडीसाठी दुहेरी काचेचा खर्च पटण्यासारखा नाही. मे महिन्यात वातानुकूलन चालणाऱ्या खोलीत किंवा महामार्गालगतच्या घरात, उष्णता व आवाज दोन्ही अडवण्यासाठी, तो सार्थकी लागतो.

घट्ट खिडकीचा आणखी एक उपयोग येथे मोठा आहे. स्पंज आयर्नचे कारखाने असलेले सिलतरा शहराच्या उत्तरेला आहे, आणि तेथली काळी धूळ घरात येण्याची वाटही त्याच फटी असतात.

दक्षता : छत्तीसगडात थंडीत गोरसी, म्हणजे निखाऱ्यांची मातीची शेगडी, पेटवण्याची जुनी रीत आहे, बाळंतिणीच्या खोलीतही ती ठेवतात. कौलारू घरात धूर आणि वायू छपराच्या फटींतून निघून जात. काँक्रीटच्या, रबरी पट्ट्यांनी बंद केलेल्या खोलीत त्याच निखाऱ्यांतून निघणारा कार्बन मोनॉक्साइड साचतो; त्याला रंग नाही, वास नाही आणि तो झोपेत जीव घेतो. खिडक्या घट्ट करून घेतलेल्या खोलीत गोरसी पेटवू नका, आणि गॅस गीझर असलेल्या न्हाणीघराची वरची झडप कधीही बुजवू नका.