नेत्रसाथोत्तर पक्षाघात

नेत्रसाथोत्तर पक्षाघात : डोळे येण्याच्या (तीव्र रक्तस्रावी नेत्रश्लेष्मशोथाच्या) साथीत डोळे बरे झाल्यावर काही दिवसांनी वा आठवड्यांनी उद्‌भवणारा, मुख्यतः पायांच्या स्नायूंना दुर्बल करणारा विकार. यात मेरुरज्जू आणि त्यातून निघणारी तंत्रिकामुळे यांचा दाह होतो, म्हणून त्यास मेरुमूलरज्जुशोथ असेही म्हणता येते. एंटेरोव्हायरस ७० हे त्याचे कारण होय. या विकाराची पहिली स्पष्ट नोंद १९७१ च्या साथीनंतर मुंबईत झाली. त्यामुळे भारतातील तंत्रिकावैद्यकाच्या इतिहासात त्याला वेगळे स्थान आहे.

शारीरीय पार्श्वभूमी : मेरुरज्जूतून तंत्रिकांच्या एकूण ३१ जोड्या बाहेर पडतात. त्यांपैकी ८ मानेच्या, १२ वक्षीय (छातीच्या भागातील), ५ कटीय, ५ त्रिक व १ अनुत्रिक भागातील असते. प्रौढ माणसात मेरुरज्जू पाठीच्या कण्याइतका लांब नसतो. तो साधारणपणे पहिल्या वा दुसऱ्या कटीय मणक्याच्या पातळीवर संपतो. परिणामी पायांच्या स्नायूंना चालना देणारे रज्जूचे कटीय व त्रिक भाग प्रत्यक्षात वक्षीय मणक्यांच्या खालच्या टोकाजवळ व पहिल्या कटीय मणक्यामागे असतात. म्हणूनच पायांत आलेल्या दुर्बलतेचे मूळ पुष्कळदा कमरेत न सापडता छातीच्या मणक्यांच्या पातळीवर सापडते. मेरुरज्जूच्या आडव्या छेदात मध्यभागी करड्या द्रव्याची आकृती दिसते. तिच्या पुढील शृंगांत प्रेरक तंत्रिका कोशिका असतात व प्रत्येक स्नायूला हालचालीची आज्ञा त्यांच्याकडूनच पोहोचते. या कोशिका नष्ट झाल्यास संबंधित स्नायू सैल पडतो, त्याची प्रतिक्षेपी क्रिया लोप पावते आणि काही आठवड्यांत तो झिजू लागतो. नष्ट झालेल्या कोशिका पुन्हा निर्माण होत नाहीत.

पायांच्या दुर्बलतेची जुनी कारणे : पाठदुखी व त्यामागोमाग पायांची शक्ती जाणे ही तक्रार मुंबईतील वैद्यांना नवीन नव्हती. तिचे येथे नेहमी आढळणारे एक कारण म्हणजे मणक्यांचा क्षयरोग होय. कण्याच्या वाकण्याबरोबर येणाऱ्या पायांच्या पक्षाघाताचे वर्णन इंग्रज शस्त्रवैद्य पर्सिव्हल पॉट यांनी १७७९ मध्ये केले होते. हा क्षयरोग वक्षीय मणक्यांत असल्यास पक्षाघात विशेष आढळतो, कारण तेथील पोकळी अरुंद असून थोड्या पुवाने वा झिजलेल्या हाडानेही रज्जूवर दाब येतो. दाबामुळे आलेली दुर्बलता मात्र सैल नसते. पाय ताठ होतात व प्रतिक्षेपी क्रिया वाढतात. क्षयरोग मेरुरज्जूच्या आवरणांतही पसरतो. या प्रकाराचा अभ्यास मुंबईत नोशिर वाडिया व दाराब दस्तूर यांनी करून १९६९ मध्ये प्रसिद्ध केला होता. वाडिया हे ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय व जे. जे. रुग्णालय येथील तंत्रिकातज्ञ आणि दस्तूर तंत्रिकाविकृतिविज्ञ होते. मूल व रज्जू या दोहोंचा एकत्र दाह कसा ओळखावा, याची जाण असलेले निरीक्षक त्यामुळे नव्या विकाराचे आगमन झाले तेव्हा शहरात हजर होते. दुसरे परिचित कारण म्हणजे पोलिओ. तोही पुढील शृंगातील कोशिकांवरच हल्ला करतो, पण भारतात तो जवळजवळ सर्वस्वी लहान मुलांचा रोग होता. बहुतेक प्रौढांना बालपणीच नकळत संसर्ग होऊन प्रतिकारशक्ती आलेली असे.

नेत्रसाथीचा उगम व प्रसार : जून १९६९ मध्ये पश्चिम आफ्रिकेतील घाना देशात, आक्रा या शहरी, डोळे येण्याची एक अपूर्व साथ सुरू झाली. पुढच्याच महिन्यात अपोलो-११ हे यान चंद्रावर उतरले व घानातील लोकांनी या रोगाला ‘अपोलो रोग’ असे नाव दिले. संसर्गानंतर साधारण एका दिवसातच डोळे लाल होत, पापण्या सुजत, पाणी गळे आणि डोळ्याच्या पांढऱ्या भागावर रक्तस्रावाचे ठिपके वा चकंदळे दिसत. रोगी आठदहा दिवसांत बरा होई. पश्चिम व उत्तर आफ्रिकेत साथ पसरत असतानाच १९७० मध्ये इंडोनेशियातील जावा बेटावर दुसरे केंद्र निर्माण झाले व तेथून ती आग्नेय आशियात फैलावली. भारतात ती १९७१ मध्ये आली. त्या वर्षी पूर्व बंगालमधून निर्वासितांचे लोंढे येत होते. त्यामुळे पश्चिम बंगालमध्ये या रोगास ‘जय बांगला’ हे नाव पडले. मुंबईत ते ‘डोळे आले’ एवढ्याच जुन्या शब्दात सामावले गेले.

रोगाचे कारण असलेला व्हायरस १९७१ मध्ये जपानमध्ये रेइसाकू कोनो व त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळा केला. त्याला पुढे एंटेरोव्हायरस ७० हे नाव मिळाले. पोलिओचा व्हायरस ज्या गटातला त्याच गटातील हा आहे. मात्र आतड्यातून पसरण्याऐवजी तो डोळ्यातील स्राव, बोटे, रुमाल व टॉवेल यांवाटे एका डोळ्यातून दुसऱ्या डोळ्यात जातो. शरीराच्या नेहमीच्या तापमानापेक्षा थोड्या कमी, म्हणजे ३३° से.च्या आसपासच्या तापमानात तो अधिक चांगला वाढतो. डोळ्याचा पृष्ठभाग असाच थंड असतो. दमट हवा, दाट वस्ती व पाण्याची टंचाई असेल तेथे अशी साथ वेगाने पसरते. खारदांड्यासारख्या किनाऱ्यावरील कोळीवाड्यांत घरे एकमेकांना लागून असतात आणि एकाच खोलीत अनेक माणसे राहतात. अशा वस्तीत घरातील एकाचे डोळे आले की उरलेल्यांचे येण्यास फार तर दोनतीन दिवस लागतात.

मुंबईतील शोध : साथ ओसरत असताना शहरातील मोठ्या रुग्णालयांत एक वेगळ्या प्रकारचे रोगी येऊ लागले. ते बहुधा प्रौढ पुरुष होते. त्यांना पाठीत, नितंबांत व मांड्यांत तीव्र वेदना होऊन एकदोन दिवसांत एक वा दोन्ही पाय लुळे पडले होते. दुर्बलता दोन्ही बाजूंना सारखी नव्हती आणि पावलांपेक्षा मांड्यांत अधिक होती. गुडघ्याची प्रतिक्षेपी क्रिया नाहीशी झालेली असे. स्पर्शज्ञान मात्र फारसे कमी होत नसे. चित्र पोलिओचे होते, पण रोग्यांचे वय पोलिओचे नव्हते. आधीच्या आजारांची विचारपूस करता बहुतेकांनी दोनतीन आठवड्यांपूर्वी डोळे आले होते असे सांगितले. विस्मरणात गेलेल्या या किरकोळ आजाराचा व लुळ्या पायांचा संबंध असावा, हा तर्क येथे प्रथम करण्यात आला.

हा तर्क १९७२ मध्ये द लॅन्सेट या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकातून मांडला गेला. एक पत्र वाडिया, पी. एफ. इराणी व सरोश कात्रक यांचे, तर दुसरे के. ई. एम. रुग्णालयाचे ई. पी. भरुचा व मोंडकर यांचे होते. वाडिया, इराणी व कात्रक यांनी १९७३ मध्ये त्याच नियतकालिकात या विकाराचे सविस्तर वर्णन करून त्यास कटित्रिक मेरुमूलरज्जुशोथ असे संबोधिले.

पुरावा : साथीत लाखो लोकांचे डोळे आलेले असताना त्यांपैकी काहींना दुसरा एखादा आजार होणे हा निव्वळ योगायोगही असू शकतो. हा आक्षेप रास्त होता व त्याचे निरसन प्रयोगशाळेतच होणे शक्य होते. दोन दिशांनी पुरावा मिळाला. रोग्यांच्या रक्तरसात व मस्तिष्क-मेरुद्रवात नव्या व्हायरसाचा प्रभाव नष्ट करणारी प्रतिपिंडे आढळली. दुसरे असे, की कोनो व सहकाऱ्यांनी व्हायरस माकडांच्या तंत्रिका तंत्रात टोचला असता तो तेथील प्रेरक कोशिकांना इजा करू शकतो, असे १९७३ मध्ये दिसून आले. तैवान, थायलंड, सेनेगल इ. देशांतूनही तशाच रोग्यांचे वृत्तांत पुढे आले. डोळ्यांच्या दर दहा ते पंधरा हजार रोग्यांमागे सुमारे एकाला पक्षाघात होत असावा, असा अंदाज करण्यात आला. प्रमाण अल्प असले, तरी साथीचा पसारा मोठा असल्यामुळे लुळे झालेल्यांची संख्या नगण्य राहत नाही.

भारतात १९८१ मध्ये याच व्हायरसाची मोठी साथ पुन्हा आली. त्याच वर्षी तो अमेरिका खंडांतही पोहोचला. या वेळी मुंबईतील तंत्रिकातज्ञ पूर्वानुभवामुळे सावध होते. त्यांनी रोग्यांची पद्धतशीर पाहणी केली व ती १९८३ मध्ये प्रसिद्ध झाली. विकार केवळ पायांपुरता मर्यादित नसतो, हे तीवरून स्पष्ट झाले. काहींच्या चेहऱ्याचे स्नायू व इतर मस्तिष्क तंत्रिकांच्या आधीन असलेले स्नायू दुर्बल झाले होते, तर काहींत मेरुरज्जू व मस्तिष्क तंत्रिका दोन्ही ग्रस्त होत्या.

निदान व परिणाम : विकार ओळखण्यासाठी गेल्या दीडदोन महिन्यांत डोळे आले होते काय, हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा ठरतो. मस्तिष्क-मेरुद्रवात सुरुवातीस पांढऱ्या कोशिका व पुढे प्रथिन वाढलेले आढळते. गीयें-बारे विकारात दुर्बलता दोन्ही बाजूंना बरीचशी सारखी असते व बहुधा पावलांपासून वर चढते. मणक्यांच्या क्षयरोगात ती हळूहळू वाढते व क्ष-किरण चित्रात हाडाची झीज दिसते. हा भेद व्यवहारात फार मोलाचा आहे, कारण मणक्यांच्या क्षयरोगावर औषधे आहेत व दाब वेळीच दूर केल्यास पाय पुन्हा चालू लागतात. नेत्रसाथोत्तर पक्षाघातावर मात्र विशिष्ट औषध वा लस उपलब्ध नाही. वेदनाशमन, विश्रांती व त्यानंतर दीर्घकाळ व्यायामोपचार एवढेच उपाय उरतात. सौम्य दुर्बलता बरीच भरून येते. तीव्र असल्यास मांडीचे स्नायू कायमचे झिजतात. होडीवर उभे राहून जाळे ओढणारा, गोदीत ओझी वाहणारा वा गिरणीत आठ तास उभा राहणारा कर्ता पुरुष मांडीचे बळ गमावतो, तेव्हा त्याच्या कुटुंबाची मिळकतच थांबते. पोलिओमुळे अपंग झालेल्या मुलांसाठी संस्था निघाल्या व निधी जमले. पण डोळे येऊन गेल्यावर पाय गमावलेला प्रौढ कोणत्याच परिचित गटात बसत नव्हता.

नंतरचा काळ : १९८० नंतरच्या दशकांत एंटेरोव्हायरस ७० च्या मोठ्या साथी विरळ झाल्या. भारतातील २००३ व २०१० च्या रक्तस्रावी नेत्रश्लेष्मशोथाच्या साथींत कॉक्सॅकी ए-२४ या व्हायरसाचा एक उपप्रकार सापडला. महाराष्ट्रात २०२३ च्या पावसाळ्यातही डोळ्यांची मोठी साथ आली होती. पण मुंबईत १९७१ मध्ये दिसलेले पक्षाघाताचे चित्र या अलीकडच्या साथींचे वैशिष्ट्य ठरले नाही. मात्र त्याच उपगटातील एंटेरोव्हायरस डी-६८ हा श्वसनमार्गाचा व्हायरस २०१४ मध्ये अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत पसरला, तेव्हा काही मुलांना तशाच प्रकारे मेरुरज्जूतील प्रेरक कोशिका नष्ट होऊन सैल पक्षाघात झाला. पोलिओखेरीज त्याचे भाईबंदही मेरुरज्जूवर हल्ला करू शकतात, हा मुंबईचा अनुभव त्यावेळी पुन्हा प्रत्ययास आला.

भारत २७ मार्च २०१४ रोजी पोलिओमुक्त म्हणून प्रमाणित झाला. त्यासाठी १९९७ पासून अकस्मात सैल पक्षाघात झालेल्या १५ वर्षांखालील प्रत्येक मुलाची नोंद ठेवण्याची व्यवस्था उभारण्यात आली. मोठ्या माणसाची नोंद मात्र वैद्याला पोलिओचा संशय आला तरच होते. मुंबईतील १९७१ चे रोगी बहुसंख्येने प्रौढ होते. तसा व्हायरस पुन्हा उद्‌भवल्यास त्याची पहिली खूण या व्यवस्थेच्या चौकटीबाहेर दिसण्याचा संभव अधिक आहे. ती खूण ओळखण्याची जबाबदारी १९७१ प्रमाणेच रोग्याची सविस्तर विचारपूस करणाऱ्या वैद्यावर राहील.