राजगृह बांधले जात होते तेव्हा

राजगृह आपल्याला दोन प्रसंगी आठवते. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर गेलो की हिंदू कॉलनीत जाऊन त्या वास्तूसमोर फोटो काढतो. आणि ७ जुलै २०२० ला तिथे तोडफोड झाली तेव्हा आपण सगळे पेटून उठलो. पण हे घर बांधले कसे, कोणाच्या पैशाने, कोणत्या दिवसांत, असे विचारले तर आपले जुने कार्यकर्तेही गप्प होतात. चंद्रपूर-गडचिरोलीच्या आपल्या वस्त्यांत आज कितीतरी घरकुले जोत्यावर येऊन थांबलेली दिसतात. म्हणून मला हा प्रश्न नुसत्या स्मारकाचा वाटत नाही.

आधी एक गोष्ट लक्षात घ्या मित्रांनो. आपल्या आजा-पणज्यांनी घरे बांधली, पण जागा त्यांनी निवडली नाही. महारवाडा कुठे असावा हे गाव ठरवायचे. नोकरी-धंद्यासाठी शहरात गेलेला माणूस घर शोधायचा तेव्हाही जात आडवी यायचीच. १९१७ साली बाबासाहेब बडोद्याला नोकरीवर रुजू झाले. कोलंबिया आणि लंडनमध्ये शिकून आलेला हा माणूस पारशी नाव सांगून पारशांच्या धर्मशाळेत राहिला आणि अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. एका हिंदू आणि एका ख्रिस्ती मित्राला त्यांनी आसरा मागितला, दोघांनी सबबी सांगितल्या. शेवटी मुंबईची गाडी सुटेपर्यंत ते एका सार्वजनिक बागेत बसून राहिले. त्याच उन्हाळ्यात जहाजाने पाठवलेली त्यांची पुस्तकेही समुद्रात बुडाली होती. पहिल्या महायुद्धात ‘सालसेट’ हे जहाज पाणतीराने बुडाले, त्यात ती होती. राहायला जागा नाही आणि पुस्तकेही गेली, अशी ती १९१७ ची स्थिती.

मुंबईत कुटुंब राहात होते परळच्या बीआयटी चाळीत, दोन खोल्यांत. बीआयटी म्हणजे बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये ब्रिटिशांनी ही संस्था काढली. तिने कामगारांसाठी चाळी बांधल्या आणि दादर-माटुंग्याला मध्यमवर्गासाठी भूखंड आखले. हिंदू कॉलनी त्यातलीच. नगररचनेच्या नकाशावर चाळ कोणाची आणि भूखंड कोणाचा हे उत्पन्नावर ठरत होते, पण प्रत्यक्षात उत्पन्नाच्या आड जात बसलेली होती. समाजशास्त्र शिकताना आम्हाला वर्ग आणि जात वेगवेगळ्या प्रकरणांत शिकवतात. दादरच्या गल्ल्यांत त्या दोन्ही एकाच कुंपणाच्या आत दिसतात.

१९३० च्या सुमारास बाबासाहेबांनी याच कॉलनीत दोन भूखंड घेतले. एकावर स्वतःचे घर बांधायचे, दुसऱ्यावर भाड्याने देण्यासाठी इमारत. पैसा कुठून आला? वकिलीची कमाई आणि बँकेचे कर्ज. देणगी नाही, सरकारी बंगला नाही. आईसकर यांच्या देखरेखीखाली १९३१ मध्ये काम सुरू झाले आणि १९३३ मध्ये घर पूर्ण झाले. भाड्याची इमारत, तिचे नाव ‘चार मिनार’, १९३२ मध्येच उभी राहिली. यामागचा हिशेब साधा होता. भाडे येत राहिले तर कर्जाचा भार हलका होतो.

आता या वर्षांची दुसरी यादी शेजारी ठेवून पाहा. मार्च १९३० पासून नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह चालू आहे. १९३० च्या अखेरीस पहिली गोलमेज परिषद, १९३१ च्या सप्टेंबर ते डिसेंबर दुसरी. ऑगस्ट १९३२ मध्ये जातीय निवाडा, २४ सप्टेंबर १९३२ ला पुणे करार, नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये तिसरी गोलमेज परिषद. म्हणजे दादरला भिंती चढत होत्या तेव्हा घरमालक कधी लंडनला, कधी येरवड्याला. घर बांधणारा माणूस रोज मोक्यावर जातो, मिस्त्रीशी हुज्जत घालतो, विटा मोजतो. बाबासाहेबांच्या वाट्याला हे सुख फार थोडे आले.

घराची रचना मात्र त्यांची होती, आणि खरी गोष्ट तिथे आहे. खाली कुटुंब, वर ग्रंथालय आणि कामाची जागा. त्या काळी सुखवस्तू घरात दिवाणखाना आणि देवघर आधी ठरायचे. इथे पुस्तकांसाठी मजला आधी ठरला आणि बाकीचे घर त्याच्या सोयीने बसले. पुढे या ग्रंथसंग्रहाची संख्या ५० हजारांच्या घरात गेल्याचे सांगितले जाते. नावही पाहा. राजगृह ही मगधाची जुनी राजधानी, बिंबिसाराची नगरी, बुद्धाच्या महापरिनिर्वाणानंतर पहिली संगीती झाली ते ठिकाण. येवल्याची घोषणा १३ ऑक्टोबर १९३५ ची. घराला हे नाव त्याआधीच मिळालेले. धर्मांतर म्हणजे १९५६ मध्ये अचानक घेतलेला निर्णय असे म्हणणाऱ्यांना दारावरची ही पाटी दाखवावी.

आपल्यातलेच काही जण विचारतात की समाज झोपड्यांत असताना बाबासाहेबांनी उच्चवर्णीयांच्या कॉलनीत बंगला का बांधला? मला या प्रश्नातच खोट दिसते. वस्तीतच राहा, ही अट आपल्यावर कोणी लादली? गावानेच ना? आणि त्या घरात ऐषाराम किती होता ते पुढच्या व्यवहारावरून कळते. १९४१ मध्ये त्यांनी ‘चार मिनार’ विकली, कर्ज फेडायला आणि पुस्तके घ्यायला. राजगृह तेवढे राखले. रमाईंना तर हे घर फारसे लाभलेच नाही. आयुष्य चाळीत काढलेल्या रमाई २७ मे १९३५ ला राजगृहातच गेल्या, घर पूर्ण होऊन दोनेक वर्षे झाली होती.

अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठीच्या राज्याच्या घरकुल योजनेला त्यांचेच नाव आहे. रमाई आवास किंवा पंतप्रधान आवास, दोन्हींचा अनुभव गावागावांत सारखाच. केंद्राच्या योजनेचे मूळ अनुदान सपाट भागात १ लाख २० हजार, डोंगराळ व नक्षलग्रस्त भागात १ लाख ३० हजार. किमान क्षेत्र २५ चौरस मीटर, म्हणजे २६९ चौरस फूट. पैसे हप्त्यांनी. जोते झाले की फोटो, भिंती झाल्या की फोटो, स्लॅब पडला की फोटो. आमच्या चंद्रपूर जिल्ह्यात सिमेंटचे कारखाने आहेत, वीज केंद्राची राख विटांना जाते, वैनगंगेची रेती आहे, तरी घरकुलवाला एकेक पोते मोजतो आणि कवेलूचे जुने घर मोडून पावसाळाभर ताडपत्रीखाली राहतो.

यात एक नियम बहुतेकांना माहीत नसतो. या योजनेत ठेकेदाराला मनाई आहे. लाभार्थ्यानेच घर बांधायचे किंवा स्वतःच्या देखरेखीखाली बांधून घ्यायचे. नकाशाचे नमुने सरकार देते, पण खोली कुठे काढायची, खिडकी कोणत्या बाजूला, भिंतीत पुस्तकांसाठी कप्पा ठेवायचा का, हे घरच्यांनी ठरवायचे असते. तरी गावात कोणीतरी ‘मी सगळे करून देतो’ म्हणत येतो, पासबुक ताब्यात घेतो आणि सगळ्यांची घरे एकाच साच्यातली निघतात. शिकलेल्या पोरांनी इथे तरी उभे राहावे. हप्त्याच्या तारखा लिहून ठेवा, बिले जपा, मिस्त्रीशी बोलणी करताना आईला सोबत घ्या. घरकुलाची मंजुरी शक्यतो पती-पत्नी दोघांच्या नावे द्यायची असते, तेही तपासा.

याहून मोठी अडचण जागेची आहे. यादीत नाव असते पण पायाखालची जमीन वनविभागाची निघते. वनहक्क कायद्यात आदिवासींना १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा ताबा दाखवावा लागतो, आपल्यासारख्या इतर पारंपरिक वननिवासींना त्याआधीच्या तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा रहिवास. कोतवालकी करणाऱ्या, विणकाम करणाऱ्या, जंगलकाठी मजुरीला आलेल्या माणसाच्या पणजोबाचा कागद कोण ठेवणार? झुडपी जंगलाचा घोळ वेगळाच. पूर्व विदर्भाच्या सहा जिल्ह्यांतली ही सुमारे ८६ हजार हेक्टर जमीन २२ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने, सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या खंडपीठाने, वनजमीनच मानली. मात्र १२ डिसेंबर १९९६ पूर्वी सक्षम अधिकाऱ्याने वाटप केलेल्या जागांना केंद्राकडून मंजुरी घेण्याचा रस्ता मोकळा ठेवला. तेव्हा वस्तीतल्या प्रत्येक घराचा १९९६ पूर्वीचा कागद, मग तो वाटपाचा आदेश असो, नमुना ८ चा उतारा असो की घरपट्टीची जुनी पावती, शोधून त्याच्या दोन प्रती काढा. एक घरी राहू द्या, दुसरी विहारात ठेवा.