पूर्णेचे पाणी आणि ओहममास्तर

दिवाळीत घरोघर विजेची तोरणे लागली, की मला आमच्या विहिरीवरची जळालेली मोटार आठवते. सणासुदीला ही कसली आठवण, असे वाचक म्हणतील. पण त्या मोटारीपायी आमच्या घरातील दोन सख्खे भाऊ एकमेकांना दुरावले, आणि त्या भांडणाचे उत्तर दोनशे वर्षांपूर्वीच्या एका शाळामास्तराजवळ होते.

एका रब्बीत काकांनी आपल्या विहिरीवर नवी मोटार बसविली. डी.पी.वरून येणाऱ्या तारेवर त्यांची विहीर आधी, आमची अगदी शेवटी. आठ दिवसांत आमची मोटार जळाली. "ह्यानंच काहीतरी केलं," दादा म्हणाले, आणि भावाभावांचे बोलणे तुटले.

आता त्या मास्तराकडे वळू. इ. स. १८०० मध्ये इटलीच्या व्होल्टाने जस्ताच्या व चांदीच्या चकत्या एकावर एक रचल्या, मध्ये मिठाच्या पाण्यात भिजविलेले तुकडे घातले, आणि सतत वाहणारी वीज माणसाच्या हाती आली. पण ती वाहते कोणत्या हिशेबाने? जर्मनीत कोलोन येथील शाळेत शिकविणाऱ्या जॉर्ज सायमन ओहमने हे कोडे सोडविले. बाप कुलुपे घडविणारा; पण त्याने स्वतः शिकून मुलांना गणित शिकविले होते. व्होल्टाच्या उतरंडीची वीज कमीजास्त होई. म्हणून ओहमने दोन धातूंचा एक सांधा उकळत्या पाण्यात व दुसरा बर्फात ठेवून स्थिर वीज मिळविली आणि लहानमोठ्या तारा जोडून मोजमापे घेतली. १८२७ साली त्याचा ग्रंथ निघाला. विद्वानांनी नाके मुरडली, मास्तराने नोकरी सोडली. लंडनच्या रॉयल सोसायटीने कोपले पदक दिले ते १८४१ साली!

हा नियम समजायला आपण जिंतूर तालुक्यातील येलदरीला जाऊ. पूर्णा नदीवरचे हे धरण १९६८ साली पुरे झाले. त्याच्या वीजघरात साडेसात मेगावॉटचे तीन संच बसविले. पाणी जितके उंच, तितका त्याचा जोर. विजेच्या अशा जोराला दाब म्हणतात, तो व्होल्टमध्ये मोजतात. दर सेकंदाला किती वाहते तो प्रवाह, त्याचे माप अँपिअर. अरुंद नळ पाण्याला अडवितो तशी तार विजेला अडविते. तो रोध, आणि त्याच्या मापाला नाव मास्तरांचे, ओहम. दाबाला रोधाने भागा, प्रवाह मिळतो. २३० व्होल्ट, २३ ओहम, तर १० अँपिअर. फरक एवढाच, की पाणी शेतात मुरते. विजेला मात्र परतीची वाट लागते. ते मंडल कोठे तुटले की प्रवाह थांबला. बटण दाबून आपण दिवा मालवितो तेव्हा तेच करतो.

मी मॅट्रिक झालेला कादंबरीकार. मुलांना हा धडा शिकविता शिकविता माझ्याच डोक्यात एके दिवशी उजेड पडला. तारेलाही रोध असतो. तार जितकी लांब, तितका अधिक. काकांची मोटार सुरू झाली, तारेतील प्रवाह वाढला, आणि वाटेतच अधिक दाब खर्ची पडून शेवटच्या विहिरीला कमी उरला. अशी मोटार तेवढेच पाणी उपसण्यासाठी जास्त प्रवाह ओढते. प्रवाह दुप्पट झाला तर उष्णता चौपट होते. गुंडाळीचा लेप जळणारच!

मी काकांकडे गेलो, पाटीवर आकृती काढली. ते बराच वेळ पाहत राहिले.

"म्हणजे बाळा, दोष माझा नव्हता?"

"कुणाचाच नव्हता, काका. तार लांब होती."

त्यांनी उपरण्याने डोळे टिपले. दादांना हे सांगायला मात्र मला उशीर झाला होता. त्या दिवाळीला काका स्वतः आमच्या घरी आले आणि दादांच्या तसबिरीपुढे त्यांनी पणती लावली.