१९१० साल: एक धूमकेतू आणि दहा हजार ठिणग्या

१९१० च्या एप्रिलमध्ये हॅलेचा धूमकेतू सूर्याजवळ आला. कॉवेल आणि क्रॉमेलिन यांनी आधीच मांडलेल्या गणितात जेमतेम तीन दिवसांची चूक निघाली. आजची स्थिती पुरती कळली तर उद्याचे सगळे सांगता येईल, हा लाप्लासने १८१४ मध्ये मांडलेला नियतिवाद अशाच यशांवर पोसला होता.

त्याच वर्षी मँचेस्टरच्या रदरफर्ड आणि गायगर यांचा एक निबंध प्रसिद्ध झाला. पोलोनियममधून सुटलेला अल्फा कण झिंक सल्फाइडच्या पडद्यावर आदळला की बारीकशी ठिणगी चमके. निरीक्षक काळोखात डोळे सरावू देई, सूक्ष्मदर्शकातून पाही आणि ठिणगी दिसताच विजेची कळ दाबी. सरकत्या पट्टीवर खूण उमटे. साडेसात सेकंदांचा एक, असे २,६०८ कालखंड तपासले गेले. सरासरी ३.८७ ठिणग्यांची भरली. पण ५७ कालखंड कोरे गेले, तर एकात तब्बल चौदा ठिणग्या आल्या. गणिती बेटमन यांनी निव्वळ योगायोग गृहीत धरून काढलेल्या सूत्राशी हे सारे आकडे जुळले. क्वांटम सिद्धांताच्या इतिहासात या तक्त्याला मिळते त्याहून मोठे स्थान मिळायला हवे.

अणूच्या आत एखादे दडलेले कारण असेल, असे तेव्हा म्हणता येत होते. १९२६ मध्ये माक्स बोर्न यांनी संभाव्यतेलाच सिद्धांताचा पाया केले. दोन वर्षांत गॅमो यांनी, आणि स्वतंत्रपणे गर्नी व कॉन्डन यांनी, अल्फा कण अणुकेंद्रकातून कसा निसटतो हे त्याच आधारे दाखवले. आइन्स्टाइन यांना हे कधीच पटले नाही. पण जॉन बेल यांच्या १९६४ च्या प्रमेयावरून पुढे झालेल्या प्रयोगांनी जवळच्या जवळ काम करणाऱ्या दडलेल्या कारणांची वाट बंद केली. दूरवरचा तत्काळ प्रभाव मान्य करणारा डेव्हिड बोम यांचा १९५२ चा नियतिवादी सिद्धांत मात्र त्या कसोटीतून सुटतो, म्हणून वाद पुरता मिटलेला नाही.

मग घड्याळ, चेंडू, धूमकेतू नेमाने कसे चालतात? उत्तर संख्येत आहे. सरासरी शंभर घटनांत दहाएकांचा चढउतार होतो, म्हणजे दहा टक्के; एक लाख कोटी घटनांत तो दहा लाखांत एक इतकाच उरतो. मिठाच्या एका कणातच एकावर अठरा शून्ये इतके अणू असतात. अर्थात प्रत्येक ठिकाणी सरासरी पडत नाही. गायगर गणकाची टकटक कानाला ऐकू येते, आणि तिचे मूळ एकाच अणूच्या फुटण्यात असते.

कार्बन-१४ चा एखादा अणू कधी फुटेल हे सांगता येत नाही, पण त्याच्या ढिगातला निम्मा भाग सुमारे ५,७३० वर्षांत सरतो. पुणे जिल्ह्यातल्या इनामगावच्या ताम्रपाषाणयुगीन वस्तीचा काळ इ. स. पू. १६०० ते ७०० असा ठरवताना याच मोजणीचा आधार घेतला गेला.