खेळण्यांतील आगगाडी

सुट्या भागांचा संच विकत आणून घरींच वाफेचें लहान इंजिन जुळवावयाचें, हा छंद इंग्लंडांत शंभराहून अधिक वर्षें चालत आला आहे. १८९८ सालीं पर्सिव्हल मार्शल यांनीं ‘मॉडेल इंजिनिअर’ हें नियतकालिक काढलें. पुढल्याच वर्षीं नॉर्थॅम्प्टन येथें बॅसेट-लोक यांची पेढी निघाली, आणि ओतीव चाकें व नळकांडीं टपालानें घरपोंच मिळूं लागलीं. आमच्या सुशिक्षित कुटुंबांत असा संच आला, तर मुलाचें अभ्यासावरील लक्ष उडेल, ही धास्ती प्रथम वाटते. त्या धास्तीला इतिहासाचा कितपत आधार आहे, हें येथें पाहण्याचें आम्हीं योजिलें आहे.

मोठें इंजिन आधीं व खेळणें मागाहून, हा क्रम मुळांतच खरा नाहीं. बोल्टन व वॉट यांच्या पेढीचा विल्यम मरडॉक यानें १७८४ सालीं कॉर्नवॉलमधील रेडरूथ येथें स्पिरिटच्या दिव्यावर चालणारी तीनचाकी गाडी केली; ती टेबलावर मावण्याजोगी होती. रिचर्ड ट्रेविथिक यानेंहि प्रथम लहान नमुनेच केले. मग १८०४ सालीं त्याच्या इंजिनानें वेल्समधील पेनिडॅरन येथून १० टन लोखंड व ७० माणसें रुळांवरून ओढून नेलीं.

लहान म्हणून तें सोपें, हाहि भ्रमच होय. बॉयलर सर्व बाजूंनीं दहावा हिस्सा केला, तर त्याचा पृष्ठभाग शतांश होतो, परंतु पोटांतलें पाणी सहस्रांशच उरतें. म्हणजे पाण्याच्या मानानें पृष्ठभाग दसपट होऊन उष्णता झपाट्यानें निसटते. झडप थोडी चुकीची बसली, तरी वाफ भलत्या वेळीं शिरून दट्ट्या अडतो. ‘वाफेच्या दाबानें दट्ट्या सरकतो’ हें पुस्तकांतलें एक वाक्य. तें खरें करावयास कित्येक आठवडे कानस चालवावी लागते.

आतां १८५३ साल घ्या. त्या वर्षीं १६ एप्रिल रोजीं बोरीबंदराहून ठाण्यास आपली पहिली आगगाडी निघाली; १४ डबे, ३ इंजिनें, ४०० पाहुणे. मुंबईकरांनीं तें कौतुक डोळे भरून पाहिलें. त्याच वर्षीं नागासाकी बंदरांत पुत्यातिन या रशियन दर्यासारंगाच्या जहाजावर जपानी लोकांनीं वाफेचें इवलेसें इंजिन पाहिलें. जपानांत तेव्हां लोहमार्ग मुळींच नव्हता. परंतु पाहणारांत सागा संस्थानचे लोक होते. यांत्रिक बाहुल्या व घड्याळें करणारा तानाका हिसाशिगे हा त्या संस्थानच्या पदरीं होता. त्यानें, डच ग्रंथ जाणणाऱ्या विद्वानाच्या साह्यानें व इतर कारागिरांसह, १८५५ सालीं तसेंच हातभर इंजिन करून चालविलें.

त्यामुळें जपान एका रात्रींत शहाणा झाला, असें नव्हे. १८७२ सालीं तेथें पहिली रेल्वे झाली, तेव्हां इंजिनें इंग्लंडहूनच आलीं. पहिलें देशी इंजिन कोबे येथें १८९३ सालीं झालें, तेंहि ट्रेविथिकच्याच नातवाच्या देखरेखीखालीं. आमच्या अजमेरच्या कारखान्यांतून पहिलें इंजिन १८९५ सालीं बाहेर पडलें. अंतर अवघें दोन वर्षांचें!

तेव्हां उणेपणा आमच्या कारागिरांच्या हातांत नव्हता. सागा येथें ग्रंथ वाचणारा व कानस धरणारा एकत्र बसले. आमच्याकडे वाचणारा कचेरींत गेला, कानस धरणारा कारखान्यांत राहिला, आणि दोघांची गांठ क्वचितच पडली. आम्हीं स्वतः कित्येक वर्षें वर्गांत औद्योगिक क्रांति शिकविली, पण दोन पत्र्यांस डाग कसा देतात, हें आम्हांस ठाऊक नाहीं. ही कबुली देतांना संकोच वाटतो.

म्हणून घरच्या मुलानें असा संच मागितला, तर वाचकांनीं रागावूं नये. त्याचीं बोटें काळीं होतील, होऊं द्यावींत. त्याच्या शेजारीं बसून नकाशा उलगडावा, आणि तो देईल तर थोडा वेळ कानसहि हातीं घेऊन पाहावी.