ज्ञान आणि त्याचा उपयोग : एका रोगाचा इतिहास

आमच्या घरांतून ज्या दुखण्यांचें नांव चारचौघांत काढलें जात नाहीं, त्यांपैकीं गर्भाशयमुखाचा कर्करोग हें एक होय. स्त्रिया तें अंगावर काढतात, आणि डॉक्टरांकडे जाण्याची वेळ येते तेव्हां बहुधा उशीर झालेला असतो. परंतु या रोगाचा इतिहास पाहूं लागलें असतां दिसून येतें कीं, हा उशीर एकट्या रोगी स्त्रीचा नाहीं. शास्त्रास जें कळलें तें तिच्या दारापर्यंत पोंचण्यास जो काळ लागला, त्याचा वांटा याहून मोठा आहे.

इ. स. १८४२ मध्यें रिगोनी-स्टर्न या इटालियन वैद्यानें व्हेरोना शहरांतील मृत्यूंच्या नोंदी तपासल्या. गर्भाशयाच्या कर्करोगानें मरणाऱ्यांत विवाहित स्त्रिया व विधवा पुष्कळ, पण मठांतील जोगिणी फारच थोड्या, असें त्यास आढळलें. वैवाहिक संबंधाशीं या रोगाचें कांहीं नातें असावें, हा तर्क तेव्हांपासूनचा. त्याचें खरें कारण हातीं येण्यास मात्र सुमारें एकशेंचाळीस वर्षें लागलीं. १९८३ व १९८४ सालीं जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सूर हाउझेन व त्यांचे सहकारी यांनीं या रोगाच्या पेशींत ह्युमन पॅपिलोमा व्हायरस या विषाणूचे १६ व १८ क्रमांकांचे प्रकार शोधून काढले. या रोगाच्या दर दहांपैकीं सुमारें सात प्रसंगीं कारण हेच दोन प्रकार असतात. या शोधाबद्दल त्यांस २००८ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें.

हा विषाणु अत्यंत सामान्य आहे. संसारी स्त्रीपुरुषांपैकीं बहुतेकांस तो केव्हांना केव्हां गांठतो, आणि वर्षादोन वर्षांत बहुधा आपोआप नाहींसा होतो. म्हणून त्याची लागण म्हणजे शीलावरील डाग, असें समजणें निव्वळ अज्ञान होय. थोड्या स्त्रियांत तो ठाण मांडून बसतो, व तेथून कर्करोग होण्यास सामान्यतः पंधरावीस वर्षें जातात. हा दीर्घ अवधि म्हणजेच मनुष्यास मिळालेली सवलत आहे.

या सवलतीचा उपयोग सुचविला तो जॉर्ज पापानिकोलाउ यांनीं. हे मूळचे ग्रीसमधील. १९१३ सालीं अमेरिकेस आले. न्यूयॉर्क येथें गिनीपिगच्या योनिस्रावांतील पेशी सूक्ष्मदर्शकाखालीं पाहतां पाहतां ते स्त्रियांच्या पेशींकडे वळले. त्यांच्या पत्नी आंद्रोमाखी यांनीं या अभ्यासासाठीं कित्येक वर्षें स्वतःचे नमुने दिले. अशा पेशींवरून कर्करोग ओळखतां येतो, हें त्यांनीं १९२८ सालीं सांगितलें. पण तें कोणीं फारसें मनावर घेतलें नाहीं. १९४१ सालीं हर्बर्ट ट्राउट यांच्यासह त्यांनीं तें पुन्हां मांडलें, तेव्हां कोठें लोकांचे डोळे उघडले. पुढें ज्या देशांनीं ही तपासणी नेमानें चालविली, तेथें या रोगाचे बळी झपाट्यानें घटले.

पण या पद्धतीस प्रयोगशाळा, तरबेज डोळे आणि वरचेवर तपासणी हीं लागतात. आमच्या खेड्यांत हीं कोठून यावयाचीं? याचें उत्तर शोधण्यासाठीं १९९९ सालीं तत्कालीन उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यांत, एक मोठा प्रयोग सुरू झाला. मुंबईचें टाटा स्मारक केंद्र, बार्शीचें नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय व फ्रान्समधील लियों येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनीं तो चालविला. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचे, गांवांच्या ५२ समूहांवरून, चार गट पाडले. एका गटाची विषाणूसाठीं तपासणी झाली, दुसऱ्याची पेशींची, तिसऱ्याची ॲसेटिक ॲसिड लावून नुसत्या डोळ्यांनीं. चौथ्या गटास त्या वेळीं देशांत जी व्यवस्था होती तीच राहिली, म्हणजे तपासणी नाहीं.

निष्कर्ष २००९ सालीं प्रसिद्ध झाला. विषाणूची तपासणी केवळ एकदां करण्यासाठीं निवडलेल्या सुमारें चौतीस हजार स्त्रियांपैकीं आठ वर्षांत ३४ जणी या रोगानें मेल्या. तपासणी न झालेल्या सुमारें साडेएकतीस हजारांपैकीं ६४. इतर दोन पद्धतींनीं एकाच तपासणींत असा निश्चित लाभ दिसला नाहीं. जन्मांत एकदां केलेल्या एका तपासणीनें मरण निम्म्यावर यावें, हें ज्ञान जगास मराठवाड्याच्या शेतकरी बायकांनीं दिलें.

तपासणीचा लाभ ठाऊक असतां चौथा गट तसाच ठेवणें न्याय्य होतें काय, असा आक्षेप पुढें घेण्यांत आला. व तो उडवून लावण्याजोगा नाहीं. देशांत तपासणीच नव्हती, तेव्हां कोणाचें कांहीं हिरावलें नाहीं, हें त्यावरील उत्तर. आमच्या मतें या उत्तरांतच खरा आरोप आहे, आणि तो प्रयोगाहून आम्हां सर्वांवर अधिक आहे. त्या चौसष्ट जणींचें ऋण वादानें फिटणार नाहीं. त्यांच्या मृत्यूनें सिद्ध झालेली गोष्ट घरोघर पोंचली तरच तें फिटेल.

साधनें आतां आहेत. प्रतिबंधक लस २००६ पासून निघाली आहे. पुण्याच्या सीरम संस्थेच्या लशीस २०२२ सालीं मान्यता मिळाली. विषाणूच्या तपासणीसाठीं स्त्रीला स्वतःचा नमुना स्वतः घेतां येतो, त्यामुळें संकोचाची सबबही उरत नाहीं. तरीही २०२० सालीं एका भारतांत या रोगानें सुमारें ७७ हजार स्त्रिया मेल्याचा अंदाज आहे. तीस वर्षांवरील आपल्या आईस, पत्नीस वा बहिणीस ही तपासणी झाली आहे काय, एवढें आमच्या वाचकांनीं आजच घरांत विचारावें.